आवडीचं पत्र, नावडीचा आकडा

रेडिओवर गाणी निवडणाऱ्याला श्रोत्याची आवड माहीत असते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गेली काही दशकं संगीत-रेडिओ मुख्यतः मोजत आला आहे ती आपली नावड. या मोजणीतून काय साधलं आणि कोणती गाणी आपल्या कानांआड गेली, त्याचा हा धांडोळा.

आठ सेकंद आणि तीन प्रश्न

संगीत-रेडिओच्या धंद्यात गाण्याच्या आठ-दहा सेकंदांच्या तुकड्याला ‘हुक’ म्हणतात. बहुधा ती मुखड्याची ओळ असते. कानावर पडताच गाणं ओळखू यावं अशी. वाहिनीच्या संशोधन विभागातली मुलं-मुली असे पंचवीस-तीस तुकडे श्रोत्यांना फोनवर ऐकवतात. पलीकडचा माणूस वाहिनीला हव्या त्या वयाचा आणि हव्या त्या शहरातला असतो, आठवड्यातले काही तास तरी रेडिओ ऐकणारा असतो. प्रत्येक तुकड्यानंतर तेच तीन प्रश्न विचारायचे. गाणं ओळखलंत का? एक ते पाचमध्ये किती गुण द्याल? ऐकून ऐकून कंटाळा आलाय का? या पद्धतीला ‘कॉल-आउट’ म्हणतात. जुन्या गाण्यांचा साठा तपासायचा असेल तर शंभरेक श्रोत्यांना एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावतात आणि एका बैठकीत शेकडो तुकडे ऐकवून कागदावर गुण घेतात.

मी या कामात होते तेव्हा सकाळी अकराच्या सुमाराचे फोन सर्वांत चांगले लागत. घरातली आवराआवर उरकलेली, मुलं शाळेत गेलेली, स्वयंपाकघरातून कुकरची शिटी ऐकू येत असलेली. “ताई, दहा मिनिटं आहेत का?” असं विचारून सुरुवात व्हायची आणि पहिली अडचण तिथेच यायची. आपल्याकडे फोनवरच्या अनोळखी माणसाला कुणी सहसा वाईट बोलत नाही. पहिलं गाणं “छान आहे”, दुसरं “छान आहे”, आठवंही “छानच आहे हो”. सगळ्यांना चार गुण. अशा कागदाचा उपयोग शून्य.

मग आम्ही प्रश्न बदलायला शिकलो. “हे गाणं आत्ता रेडिओवर लागलं तर राहू द्याल, की स्टेशन बदलाल?” असं विचारलं की संकोच गळून पडायचा. “बदलेन” हे उत्तर तुकडा संपायच्या आत यायचं आणि त्यामागोमाग कारणंही यायची. हे गाणं गणपतीत दहा दिवस समोरच्या मांडवात वाजत होतं. हे मुलगा दिवसभर लावतो. हे कळतच नाही काय म्हणतोय ते. हे असलं आमच्याकडे नाही ऐकत. एखाद्या वेळी तुकडा संपल्यावर पलीकडे थोडी शांतता असे आणि मग कळे, की हे गाणं वडिलांना आवडायचं, ते गेल्यापासून ऐकवत नाही.

ही पाच वेगवेगळी माणसं, पाच वेगवेगळी कारणं. कागदावर मात्र पाचही जणांची नोंद एकाच आकड्याने व्हायची, कारण कारणासाठी रकानाच नव्हता. संगीत-रेडिओतली पुढची बरीचशी गडबड या नसलेल्या रकान्यातून सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

एका माणसाची नावड

फोन करून नावड मोजण्याची रीत नंतर आली. आपल्याकडे त्याआधी नावड वरून ठरत असे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम साथीतून हद्दपार केली. श्रुती आणि मींड यांच्याशी ही पेटी न्याय करू शकत नाही, असा आक्षेप होता. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला मैफलीचा मान मिळवून दिला आणि नाट्यसंगीत जिच्या सुरावर उभं राहिलं, त्या महाराष्ट्रातल्या केंद्रांनाही हा नियम लागू होता. तो सैल व्हायला १९७१ साल उजाडलं.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. चित्रपटसंगीत उथळ होत चाललं आहे, पाश्चात्त्य वाद्यांच्या आहारी गेलं आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आकाशवाणीवरची चित्रपटगीतं त्यांनी कमी केली. गाण्यासोबत चित्रपटाचं नाव सांगणं ही जाहिरात ठरते म्हणून तेही बंद झालं. निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली आणि चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं.

श्रोत्याने काय केलं? रेडिओची सुई कोलंबोकडे वळवली. दुसऱ्या महायुद्धातले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती होते आणि त्यांचा आवाज भारतभर स्वच्छ ऐकू येत होता. त्या काळी एक किस्सा सांगितला जाई: दहा घरांची पाहणी केली तर नऊ घरांत सिलोन लागलेलं सापडलं आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला होता.

केसकरांवर टीका पुष्कळ झाली. त्यांच्या कामाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालीच सुरू झाला. आकाशवाणीवर सुगम संगीताला जागा मिळाली आणि मराठी भावगीताला तिचा मोठा आधार झाला. त्यांची चूक एवढीच, की स्वतःच्या नावडीला त्यांनी साऱ्या देशाचं धोरण केलं. ती दुरुस्तही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत सरकारी रेडिओवर परतलं.

पोस्टकार्डांचा जमाना

दरम्यान, डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. बुधवारची संध्याकाळ आणि अमीन सायानींचा आवाज. सुरुवातीला ती एक स्पर्धा होती: सात गाणी ऐकवायची, ती श्रोत्यांनी योग्य क्रमाने लावायची आणि बक्षीस मिळवायचं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढे आठवड्याला ६५ हजारांपर्यंत पत्रं येऊ लागली, तेव्हा ती तपासणं अशक्य झालं. मग १९५४ च्या अखेरीस स्पर्धेच्या जागी लोकप्रियतेची क्रमवारी आली.

क्रमवारी कशी लावायची, हा सायानींपुढचा प्रश्न खऱ्या अर्थाने श्रोता-संशोधनाचा होता. नुसती पत्रं मोजली तर उत्साही मंडळी गठ्ठ्याने पत्रं पाठवून क्रम फिरवू शकतात. नुसती तबकड्यांची विक्री मोजली तर ज्याच्याकडे ग्रामोफोन नाही त्याला मत उरत नाही. म्हणून त्यांनी दोन्ही घेतलं. एकीकडे रेकॉर्डच्या दुकानांकडून विक्रीची माहिती आणि दुसरीकडे गावोगावच्या श्रोता संघांची पसंती. फार काळ यादीत राहिलेलं गाणं ‘सरताज गीत’ म्हणून मानाने निवृत्त केलं जाई. श्रोता ज्याला कंटाळा म्हणतो, त्याची बूज राखण्याची ही सुंदर रीत होती. गाणं उतरणीला लागण्याआधीच त्याचा सत्कार होई आणि नव्या गाण्याला पायदान मोकळं मिळे.

विविध भारतीवरही राज्य होतं ते फर्माइशींचं. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं झुमरी तलैया तिथल्या रसिकांच्या पोस्टकार्डांमुळे देशभर ठाऊक झालं. एका गाण्यासाठी दहा-दहा, पंधरा-पंधरा नावं वाचली जात. आपलं नाव रेडिओवर ऐकण्याची हौस त्यात होतीच. तरी या पद्धतीचा एक गुण आज विसरला जातो. पोस्टकार्डावर फक्त आवड लिहिता येत असे. ‘हे लावू नका’ म्हणून कुणी फर्माईश पाठवत नसे. एखादं गाणं हजार जणांना नकोसं असलं आणि दहा जणांच्या काळजातलं असलं, तर त्या दहांची पत्रं येत आणि गाणं लागे. उरलेले चार मिनिटं थांबत आणि पुढचं गाणं ऐकत. थांबावंच लागे, कारण दुसरीकडे जायला फारशी जागा नव्हती.

लाल बटण

नावड मोजायचं पहिलं नावाजलेलं यंत्र अमेरिकेत तयार झालं. व्हिएन्नाहून तिथे गेलेले समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड १९३७ पासून प्रिन्स्टनच्या रेडिओ संशोधन प्रकल्पाचे प्रमुख होते. फ्रँक स्टँटन यांच्यासोबत त्यांनी ‘प्रोग्रॅम अ‍ॅनालायझर’ बनवला. श्रोत्याच्या एका हातात हिरवं बटण, दुसऱ्यात लाल. आवडलं की हिरवं दाबायचं, नावडलं की लाल. दोन्ही सोडली तर मत नाही. कार्यक्रमाच्या कुठल्या क्षणी किती जण कंटाळले, हे कागदाच्या पट्टीवर उमटत असे. त्याच प्रकल्पात संगीताचा भाग सांभाळायला आलेले तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो या मोजणीला विटले. संगीताचा अनुभव आवड-नावडीच्या खुणांत मावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लाझार्सफेल्ड आणि अडोर्नो यांचं जमलं नाही. मला मात्र दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. मोजल्याशिवाय रेडिओ चालवणं म्हणजे मंत्र्याच्या किंवा संचालकाच्या लहरीवर चालवणं. आणि मोजलेल्या आकड्यालाच संगीत समजणं ही दुसऱ्या टोकाची चूक.

पुढची पायरी ओमाहा शहरात पडली. टॉड स्टोर्झ आणि त्यांच्या वडिलांनी १९४९ मध्ये तिथलं केओडब्ल्यूएच हे स्टेशन घेतलं. ज्यूकबॉक्समध्ये लोक पैसे टाकून तीच ती मोजकी गाणी पुन्हा पुन्हा लावतात, हे हेरून त्यांनी छोटी यादी सतत फिरवण्याचा मार्ग धरला. त्यातून ‘टॉप फॉर्टी’ रेडिओ उभा राहिला. १९७०च्या दशकात फोनवरचं कॉल-आउट रुळलं. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रेडिओ कम्प्युटिंग सर्व्हिसेस या कंपनीच्या ‘सिलेक्टर’ने गाण्यांचा क्रम संगणकाकडे सोपवला. प्रत्येक गाण्याची लय, भाव, आवाज पुरुषाचा की स्त्रीचा, हे सारं त्यात नोंदवायचं. कोणतं गाणं किती तासांनी परत यावं, हे यंत्र ठरवतं. आपल्याकडे २००१ मध्ये बंगळूरला पहिली खासगी एफएम वाहिनी आली, २००२ मध्ये मुंबईत एकापाठोपाठ एक वाहिन्या सुरू झाल्या, तेव्हा ही सगळी हत्यारं तयार स्वरूपात हाती आली.

सरासरीचा हिशेब

या हत्यारांनी काय होतं, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. शंभर श्रोत्यांना दोन गाणी ऐकवली. पहिल्या गाण्याला ७० जणांनी चार गुण दिले, ३० जणांनी तीन. सरासरी ३.७. दुसऱ्या गाण्याला ३० जणांनी पाचपैकी पाच दिले, ३० जणांनी तीन, २५ जणांनी एक. उरलेल्या १५ जणांनी ते ऐकलेलंच नव्हतं. गुण देणाऱ्या ८५ जणांची सरासरी येते ३.१ च्या आसपास.

यादीत पहिलं गाणं जातं. त्यावर जीव टाकणारा एकही माणूस शंभरात नाही, पण त्याने उठून जाणाराही कुणी नाही. दुसऱ्या गाण्यासाठी तीस माणसं हातातलं काम थांबवतील, तरी ते बाहेर राहतं, कारण पंचवीस जण स्टेशन बदलतील. अशी चारशे-पाचशे गाणी गोळा केली की एका वाहिनीचा सगळा साठा तयार होतो: कुणालाही न खुपणारा आणि कुणाच्याही फारसा लक्षात न राहणारा.

वाहिन्यांना दोष देण्याआधी त्यांचं गणितही समजून घ्यायला हवं. पहिल्या टप्प्यातलं परवाना शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं. ते २००५ च्या धोरणात बदलून उत्पन्नाच्या हिश्श्यावर आणलं, तेव्हा वाहिन्यांनी श्वास घेतला. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा खासगी एफएमला नाही; विकायला माल एकच, गाणी आणि गाण्यांमधली बडबड. जाहिरातदार विचारतो श्रोतृसंख्या. २००७ पासून मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकात्यात ‘रॅम’ ही मोजणी सुरू झाली. निवडक श्रोत्यांनी कोणती वाहिनी कधी ऐकली हे डायरीत लिहायचं आणि त्यावरून क्रमांक लागायचे. श्रोता पाच मिनिटं जास्त थांबला तरी आकडा हलतो. अशा स्थितीत गाणी निवडणारा माणूस पंचवीस जणांच्या नावडीला घाबरतो, यात नवल नाही.

नावड कुणाची, कशाची

या नावडीत संगीत किती असतं? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिए यांनी १९७९ च्या ‘ला दिस्तांक्सियाँ’ या ग्रंथात दाखवलं, की आवडनिवड ही बरीचशी इतरांच्या आवडीपासून स्वतःला वेगळं काढण्याची रीत असते. बेथनी ब्रायसन यांनी १९९३ च्या अमेरिकी सर्वेक्षणातली १८ संगीतप्रकारांविषयीची उत्तरं तपासली. जास्त शिकलेल्यांना नावडणारे प्रकार कमी निघाले. पण जे नावडत होते ते नेमके कमी शिकलेल्यांच्या आवडीचे होते: रॅप, हेवी मेटल, कंट्री, गॉस्पेल.

फोनवर ऐकलेलं “हे असलं आमच्याकडे नाही ऐकत” हे वाक्य मला ब्रायसन वाचताना आठवलं. त्यात ‘असलं’ला फार महत्त्व नाही, ‘आमच्याकडे’ला आहे. लावणी, कोळीगीत, भीमगीत, बॅन्जोवरचं गाणं यांना मिळणाऱ्या एक-दोन गुणांत चालीबद्दल, आवाजाबद्दल, शब्दांबद्दल किती आणि ते ऐकणाऱ्या वस्तीबद्दल किती, हे आकडा सांगत नाही. मुंबईतल्या एफएमवर मराठी गाणं बरीच वर्षं दुर्मीळ होतं. ‘डाऊनमार्केट’ हा त्यासाठी वापरला जाणारा शब्द व्यवसायात सर्रास ऐकू यायचा. ज्या शहरातली लाखो माणसं मराठी बोलतात, त्या शहरात हा शब्द संशोधनाचा निष्कर्ष म्हणून वावरला, याचं मला आजही वाईट वाटतं. तो निष्कर्ष नव्हता. तो पूर्वग्रह होता आणि त्याला आकड्यांचा आधार मिळाला होता.

नावड नेमकी गाण्यात शोधायची असेल तर काय होतं, हे संगीतकार डेव्ह सोल्जर यांनी चित्रकार कोमार आणि मेलामिड यांच्यासोबत १९९७ मध्ये करून दाखवलं. सुमारे पाचशे लोकांना आवडती-नावडती वाद्यं, विषय, लांबी विचारून त्यांनी दोन रचना केल्या. सर्वांना हवं ते गाणं पाचेक मिनिटांचं झालं. गुळगुळीत आणि कुठेही ऐकल्यासारखं. कुणालाच नको ती रचना वीस मिनिटांच्या वर गेली. तिच्यात बॅगपाइप, अ‍ॅकॉर्डियन, ट्यूबा, ऑपेराच्या गळ्यातून रॅप आणि जाहिरातींच्या ओळी गाणारी मुलं असं सगळं आहे. साऱ्या जगात दोनशेहून कमी लोकांना ती आवडेल, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात कौतुकाने ऐकली आणि ऐकवली जाते ती हीच रचना. सगळ्या नावडी एकत्र केल्या तेव्हा निदान काहीतरी ठसठशीत तयार झालं. सगळ्या आवडींची सरासरी काढली तेव्हा काहीच उरलं नाही.

अनोळखी आणि नावडतं

कॉल-आउटची सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. ज्याने गाणं ऐकलेलंच नाही, त्याला आठ सेकंदांत ते आवडावं अशी अपेक्षा ठेवली जाते. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी तिच्याविषयी ओढ वाढते. अतिपरिचयाने अवज्ञाही होते, तो पुढचा भाग. आधी परिचय तर व्हायला हवा.

२००६ मध्ये मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. १४,३४१ जणांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली. काहींना इतरांनी किती वेळा गाणं उतरवून घेतलं ते दिसत नव्हतं; बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट होते आणि प्रत्येकाला आपल्या गटाचे आकडे दिसत होते. एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात मागे पडलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. पण मधल्या मोठ्या घोळक्याचं नशीब सुरुवातीला कुणी ऐकलं यावर ठरलं.

याचा मराठी पुरावा आपल्या घरात आहे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ सुरू केलं. केंद्रावर सीताकांत लाड, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. हे कुणीही पोस्टकार्डावर मागितलेलं नव्हतं. कोणत्याही फोन-पाहणीत ‘ओळखलंत का’ या प्रश्नाला शंभर जणांकडून ‘नाही’ हेच उत्तर आलं असतं. केंद्राने ते लावलं, त्याच आठवड्यात पुन्हा ऐकवलं आणि श्रोत्याला ओळख व्हायला वेळ दिला. पुढे काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको.

अलीकडचं उदाहरण २०१६ च्या ‘सैराट’चं. अजय-अतुलचं ‘झिंगाट’ मराठीचा गंध नसलेली माणसंही लग्नाच्या वरातीत नाचली आणि २०१८ मध्ये ‘धडक’साठी त्याचा हिंदी अवतार करावा लागला. भाषा अनोळखी असणं हा अडथळा किती तकलादू आहे, हे त्या एका गाण्याने सिद्ध केलं.

बोटाच्या टोकावरची नावड

आज नावड नोंदवायला फोन करण्याचीही गरज उरलेली नाही. अ‍ॅपवर गाणं पुढे ढकललं की नोंद झाली. पॉल लामेर यांनी २०१४ मध्ये स्पॉटिफायवरच्या नोंदी तपासल्या तेव्हा जवळपास चौथा हिस्सा गाणी पहिल्या पाच सेकंदांत सोडली जात होती आणि निम्मी शेवटपर्यंत पोचत नव्हती. कॉल-आउटमध्ये निदान आठ सेकंद मिळत. ज्या गाण्याला ताना-आलापाने हळूहळू उलगडायचं आहे, ज्याचा मुखडा अर्ध्या मिनिटाने येतो, त्याचं या परीक्षेत काही खरं नाही. आणि कारणाचा रकाना इथेही नाही.

म्हणून वाहिन्या चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. नावड जरूर मोजा, पण तिचा उपयोग कोणतं गाणं दिवसातून किती वेळा वाजवू नये हे ठरवण्यापुरता करा. कोणतं गाणं कधीच वाजू नये हे तिच्यावर सोडू नका. सरासरीच्या शेजारी पाचपैकी पाच देणाऱ्यांची संख्या वेगळी लिहा आणि रोजचा एक तास त्या गाण्यांना द्या. अनोळखी गाण्याला गुण मागण्याआधी ते काही आठवडे ऐकू द्या. आणि ‘का’ विचारा. दहा मिनिटांच्या फोनमध्ये त्यासाठी अर्धं मिनिट सहज निघतं.

श्रोत्यांनाही एक विनंती. तुम्ही स्टेशन बदललंत की तुमची नावड कुठे ना कुठे मोजली जाते. आवड मात्र सांगावीच लागते. आकाशवाणीवर फर्माइशीचे कार्यक्रम आजही होतात आणि खासगी वाहिन्यांचे निवेदक फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपचे क्रमांक सतत सांगत असतात. या दिवाळीत एक गाणं नावानिशी मागा. शक्यतो असं, जे तुम्हाला मनापासून हवं आहे आणि बरीच वर्षं रेडिओवर ऐकायला मिळालेलं नाही.